‘पुढे चला’वाल्या कुंदाताई

कुंदाताई परब गेल्याची बातमी एका वर्तमानपत्राने छापली आणि सोबत फोटो आमच्याबरोबर गाणाऱ्या रियाचा छापला. रिया त्या वेळी ठाण्याला स्वतःच्या घरात दात घासत होती. नागपूरला तिच्या आजीने पेपर उघडला आणि हंबरडा फोडला. मग दिवसभर रिया एकेका नातेवाइकाला फोनवर “अहो, मी आहे, मी आहे,” असं सांगत बसली आणि सांगता सांगता ताईंसाठी रडत राहिली. पलीकडच्याला वाटे, हिला काहीतरी झालंय खरं.

“ताई असत्या तर हसून हसून मेल्या असत्या,” आमचा ड्रमर बंटी म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो तोंडावर हात ठेवून बसून राहिला.

पण बंटीचं खरं होतं. ताईंना हा प्रकार प्रचंड आवडला असता. त्यांनी तो पेपर आपल्या नोकरीच्या क्लिनिकमध्ये नेऊन पेशंटना वाचून दाखवला असता, तेही खणखणीत आवाजात, दोन मजले खाली चपला शिवणाऱ्यालाही ऐकू जाईल असा.

गेल्या काही वर्षांत ज्यांनी एकही हळद, एकही जिम आणि एकही क्रिकेटचा सामना पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. ‘पुढे चला’ हा आमच्या ‘ओव्हरफ्लो’ बँडचा अल्बम. अरीना रॉक, म्हणजे स्टेडियमात वाजवायचं रॉक. ड्रम मोठे, गिटार मोठी, आणि ध्रुवपद असं की हजारो माणसांनी हात वर करून म्हणावं. समीक्षकांना हा प्रकार आवडत नाही. लोकांना आवडतो. आमचा अल्बम तर लोकांना इतका आवडला की आम्हालाच पहिले काही महिने संशय येत होता. मी त्यात बेस वाजवतो. बेस म्हणजे ती जाड तारांची गिटार, जी बंद पडल्यावर लोकांना कळतं की ती वाजत होती. ताई मला नावाने कधी हाक मारायच्या नाहीत. “ए जाड्या तारा, चहा सांग,” एवढीच आमची ओळख.

त्या येण्याआधी आम्ही एक अतिशय दर्जेदार आणि अतिशय पडेल बँड होतो. निहार हा आमचा गिटारवाला, गाणी लिहिणारा आणि चाली लावणारा. शिवाजी पार्कच्या त्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत आमची तालीम चाले. पंप बंद करायला कोणीतरी विसरायचं आणि सोसायटीचे सेक्रेटरी खालून “ओव्हरफ्लो! ओव्हरफ्लो!” असं बोंबलत यायचे. तेच नाव पडलं. आमचा मूळ गायक कॅनडाला गेला. जाताना बँडचा चांगला माईकही घेऊन गेला. उरलो तिघे, आणि निहारची नऊ-नऊ मिनिटांची गाणी.

त्या गणपतीत मी आणि निहार काळाचौकीला दर्शनाच्या रांगेत उभे होतो. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. निहारला कंटाळा आला, म्हणून तो हळूच दोरीखालून पलीकडच्या रांगेत जायला वाकला. तेवढ्यात डोक्यावरच्या भोंग्यातून आवाज आला.

“अंजिरी शर्टातले उंच गृहस्थ. हो, तुम्हीच. मागे बघू नका, मागे कोणी अंजिरी नाही. बाप्पा कुठे पळून चाललेले नाहीत. रांगेत या.”

अख्खी गल्ली वळून निहारकडे बघायला लागली. निहार शर्टाच्याच रंगाचा झाला. पण मी त्याचा चेहरा बघत होतो, आणि त्यावर राग नव्हता. तो मान वर करून त्या भोंग्याकडे बघत होता. भोंगा भिकार होता, गर्दीचा गोंधळ होता, मागे ढोल चालू होते, आणि तरीही त्या बाईचा एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ येत होता. त्यात ओरडणं नव्हतं. ती नुसती बोलत होती आणि हजारो माणसं सरकत होती.

दर्शन सोडून निहार मंडळाच्या घोषणा-कक्षात गेला. मागून मी. आत एक ठेंगणी बाई, चष्मा दोरीला लटकवलेला, समोर थर्मास, आणि बाजूच्या खुर्चीवर साताऱ्याकडचे एक हरवलेले आजोबा.

“काय हरवलं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. मी तो अंजिरी शर्ट.”

“ते दिसतंय. मग, भांडायला आलात?”

“तुम्ही गाता का?”

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “भजनी मंडळात होते. त्यांनी काढून टाकलं. बाकीच्या बायका ऐकूच येईनात म्हणे.” मग आजोबांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ह्यांचा मुलगा येईपर्यंत ह्यांच्याशी बोलत बसा. मला घोषणा करू देत. मग गाण्याचं बघू.”

आजोबा खरं तर हरवलेले नव्हतेच. कक्षात पंखा होता म्हणून ते स्वतःहून येऊन बसले होते. ताईंना ते पहिल्या मिनिटाला कळलं होतं, पण त्यांनी त्यांना तीन चहा पाजले आणि मुलाच्या नावाने एकही घोषणा केली नाही.

कुंदाताई तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेल्या होत्या. राहायला घोडपदेवला, नोकरी लालबागला एका दातांच्या डॉक्टरकडे, रिसेप्शनवर. त्यांनी “पाटकर, आत!” म्हटलं की पाटकरांची दाढ निम्मी बरी व्हायची. परबकाका कुरिअर कंपनीत होते. रॉक म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. ताई पहिल्यांदा टाकीखालच्या खोलीत आल्या तेव्हा काका सोबत आले, एक तास ऐकलं, आणि पुढच्या वेळेपासून कानात कापूस घालून यायला लागले. कापूस घालून का होईना, पण एकही तालीम चुकवली नाही.

निहारने त्यांना आपलं सगळ्यात लाडकं गाणं ऐकवलं. शहरातल्या माणसाच्या एकटेपणावर होतं. त्यात लय तीनदा बदलायची आणि शेवटची दोन मिनिटं नुसतं गिटारचं विव्हळणं होतं. ताईंनी ते पूर्ण ऐकलं, चहा संपवला.

“बरं आहे. ह्यात लोकांनी कधी म्हणायचं?”

“लोकांनी म्हणायचं नाही, ताई. लोकांनी ऐकायचं.”

“नऊ मिनिटं? उभं राहून?”

“हो.”

ताई चिडल्या की मालवणीत शिरत. “मेल्या, लोक काय तुझे पावणे आसत, सोफ्यार बसाक?” मग चष्मा पुसत शुद्धीवर आल्या. “हे बघ. रांगेत शेवटी जो उभा असतो ना, त्याला मूर्ती दिसत नाही. ऐकू अर्धं येतं. पाय दुखत असतात, बायको कुरकुरत असते. त्याला सांभाळायला मी काय करते? त्याला बोलायला लावते. मी इकडून ‘गणपती बाप्पा’ म्हणते, तो तिकडून ‘मोरया’ म्हणतो. तेवढ्यात त्याचे पाय दुखायचे थांबतात. तुझ्या गाण्यात त्याला काही कामच नाही.”

निहार दोन दिवस फोन उचलत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याने नऊ मिनिटांतून पाच कापली आणि मधोमध एक ओळ घातली, ‘पुढे चला’. एवढंच. दोन शब्द, चार वेळा. ताईंनी ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा टाकीचा पत्रा थरथरला आणि खालून सेक्रेटरी धावत आले. ओव्हरफ्लो झालेलं नाही हे समजल्यावरही ते गेले नाहीत. दारात उभे राहून ऐकत राहिले.

रेकॉर्डिंगला मात्र ताई अडल्या. काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन, समोर भिंत. आवाज सुकला. पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं, प्रत्येक वेळी शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं येई. “भिंतीला काय सांगू पुढे चल म्हणून?” त्या म्हणाल्या. “ती पडेल.”

मग पुढच्या रविवारी त्यांनी अख्खी चाळ आणली. बायका, बाप्ये, एक काकू तर वाल सोलायला घेऊनच आल्या. स्टुडिओत माणसं मावेनात, एसीने मान टाकली, वडापावचा वास रेकॉर्ड होतोय की काय असं तिथल्या साउंड इंजिनिअरला वाटायला लागलं. ताई मधोमध स्टुलावर चढल्या आणि माणसांकडे तोंड करून गायल्या. पहिल्याच फटक्यात झालं.

फक्त एक घोटाळा होता. तोंडवळकर नावाचे एक निवृत्त काका होते, ते प्रत्येक ‘पुढे चला’ला सगळ्यांच्या अर्धी मात्रा नंतर, एकटेच, जोरात “चला!” म्हणायचे. निहारने त्यांना समजावलं, ताल मोजून दाखवला. काका मान डोलवायचे आणि पुन्हा उशिरा. निहार म्हणाला, ह्यांना बाहेर बसवू.

“का? तो शेवटचा माणूस आहे,” ताई म्हणाल्या. “त्याला उशिराच ऐकू येतं.”

काका राहिले. आज त्या गाण्याला कुठेही माणसं जमली की बरोबर त्या जागी सगळे अर्धी मात्रा उशिरा “चला!” म्हणतात, हात वर करून. हजारो लोक तोंडवळकरकाकांची चूक तंतोतंत पाठ करून आलेले असतात. काका शेजारीपाजारी सांगत, “मी तर पहिल्यापासून बरोबरच म्हणत होतो.”

अल्बम चालला. किती चालला ते सांगत नाही, नाहीतर नातेवाईक भेटायला येतात. शिवाजी पार्कला सकाळी फिरणारे निवृत्त लोक त्याच्या तालावर पावलं टाकायला लागले, आणि त्यात निहारचे वडील होते, ज्यांनी तोवर मुलाच्या संगीताला ‘तुझा तो विषय’ याखेरीज नाव दिलं नव्हतं. एका समीक्षकाने लिहिलं की ही चाळीच्या गॅलरीत होणारी आरडाओरड आहे, तिला कोणीतरी वीज जोडून दिली आहे. निहार दिवसभर जेवला नाही. ताईंनी ते क्लिनिकमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. पेशंटच्या तोंडात यंत्रं होती, त्यामुळे कोणाला मत देता आलं नाही. “चांगलं लिहितो मुलगा,” ताई म्हणाल्या. “वीज जोडली, हे बरोबर आहे त्याचं.” नोकरी त्यांनी सोडली नव्हती. डॉक्टरांना दुसरी बाई मिळत नव्हती, आणि मिळाली असती तरी ताईंनी तिला टिकू दिलं नसतं.

मग रेकॉर्ड कंपनीने बोलावलं. लोअर परळला काचेच्या उंच इमारतीत, एकविसाव्या की बाविसाव्या मजल्यावर. पूर्वी तिथे गिरणी होती. ताई खिडकीशी उभ्या राहून खाली बघत म्हणाल्या, “माझे वडील ह्याच आवारात कापड विणायचे साचे चालवायचे. आवाज तुमच्या गाण्यांपेक्षा बरा होता.”

कंपनीचा साहेब तरुण आणि गोड बोलणारा होता. त्याने मोठ्या मैदानातल्या कार्यक्रमाची योजना मांडली. पडदे, दिवे, धूर. मग एका मुलीला आत बोलावलं. तीच ही रिया, तेव्हा बावीस-तेवीसची.

“आवाज ताईंचाच राहील,” साहेब म्हणाला. “ताई पडद्यामागून गातील. पुढे रिया उभी राहील. लोकांना एक चेहरा लागतो ना.”

निहारचा चेहरा तापायला लागला. आधी ताईंशी रोज भांडणारा निहार उठून उभा राहिला आणि म्हणाला, “असं असेल तर कार्यक्रमच नको.”

“बस रे,” ताई म्हणाल्या. त्यांचं लक्ष रियाकडे होतं. रिया फरशीकडे बघत होती. “बाळ, तुला हे आधी सांगितलं होतं?”

“थोडं थोडं,” रिया म्हणाली.

“तू गातेस?”

“हो. म्हणजे, शिकलेय. पण इथे कोणी विचारलं नाही.”

“म्हण काहीतरी.”

रियाने सुरुवात घाबरत केली. पण दुसऱ्या ओळीपासून तिचा आवाज वर चढला आणि तिथेच राहिला, तारेवर बसलेल्या पाखरासारखा. ताईंनी डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. ऐकून झाल्यावर साहेबाकडे वळल्या.

“साहेब, ह्या गळ्याला तुम्ही तोंड हलवायला ठेवणार होतात? अक्कल आहे की भाड्याने आणायची?” मग रियाला म्हणाल्या, “उद्या टाकीखाली ये. वरचं तू म्हण, खालचं मी म्हणते. वर जायला मला हल्ली दम लागतो, हे ह्या पोरांना सांगितलेलं नाही. आणि साहेब, चेहरे दोन्ही पुढे राहतील. माझा बघवत नसेल त्याने तिचा बघावा.”

साहेबाने करार बदलला, कारण तिकिटं ताईंच्या नावावर विकली जाणार होती. बाहेर आल्यावर लिफ्टमध्ये रिया रडायला लागली. ताईंनी तिला स्वतःचा रुमाल दिला आणि वर बजावलं, “धुऊन परत दे.”

तो मैदानातला कार्यक्रम. त्याबद्दल बरंच लिहून आलंय आणि त्यातलं बरंच खोटं आहे. मी बेसवर होतो, म्हणजे मला आजूबाजूला बघायला वेळ होता. संध्याकाळ चांगली चालली होती. शेवटचं गाणं ‘पुढे चला’, त्याची सुरुवात बंटीने ड्रमवर केली, आणि ती ऐकताच मागची माणसं खरंच पुढे निघाली. पुढची माणसं लोखंडी कठड्यावर दाबली गेली. मला एक पिवळी ओढणी दिसली, मग दिसेनाशी झाली. आम्हाला वाटलं, उत्साह आहे.

ताईंनी हात वर केला. “बंटी, बंद.”

बंटी थांबला. हजारो लोकांनी जल्लोष केला. त्यांना वाटलं, ही स्टाईल आहे.

“दिवे लावा. सगळे,” ताई माईकवर म्हणाल्या. आवाज तोच, काळाचौकीचा. “पांढरी टोपी, खांबाजवळ. हो, तू. तुझ्यामागे जेवढे आहेत त्यांना घेऊन एक पाऊल मागे. एकच. आज गाणं उलटं आहे, मागे चला. घाई नाही. इथे पुढे फुकट काही वाटत नाहीयेत. आता लाल झेंडावाले, तुम्ही. एक पाऊल. शाबास. पुढचे कोणी हलू नका, शेजारचा पडला असेल तर त्याला उभा करा, नाव विचारा त्याचं.”

त्या एकेक रांग मागे नेत होत्या. कुठे गमतीने, कुठे दटावून. रियाने कठड्यापाशी वाकून पिवळ्या ओढणीच्या मुलीला वर खेचून घेतलं, सोबत आणखी दोघांना. मुलीची शुद्ध हरपली होती. ताईंनी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. नजर गर्दीवर आणि आवाज जराही वर नाही. मैदान सैल झालं तेव्हा पोलीस अधिकारी विंगेतून घड्याळाकडे बोट दाखवत होते. भोंग्याची परवानगी दहापर्यंत.

“दहा वाजले,” ताई म्हणाल्या. “कायदा आहे. गाणं राहिलं. डावीकडचं गेट आधी, मग उजवीकडचं. जाताना म्हणत जा.”

आणि लोक म्हणत गेले. वाद्यं नाहीत, दिवे पांढरे फटफटीत, आणि रांगेने बाहेर पडणारी माणसं ‘पुढे चला’ म्हणत होती, प्रत्येक वेळी अर्धी मात्रा उशिरा “चला!” करत.

विंगेत आल्यावर ताई खुर्चीत कोसळल्या. परबकाकांनी कानातला कापूस काढला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. निहार खाली बसला, चेहरा ओंजळीत.

“ताई, आयुष्यातला सगळ्यात मोठा शो, आणि मेन गाणंच झालं नाही.”

“झालं की,” ताई म्हणाल्या. “आपण नव्हतो, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी त्या इस्पितळात त्या मुलीला बघायला गेल्या. बरगडीला मार होता, बाकी ठीक. मुलगी सही मागायला लागली. ताईंनी सही केली आणि मग तिला अर्धा तास झापलं, पुढे कशाला घुसलीस म्हणून. परत येताना टॅक्सीत मला म्हणाल्या, “जाड्या तारा, मी घाबरले रे. मंडळात माझ्या बाजूला दोरखंडवाली आपली पोरं असतात. काल बाजूला धूर सोडणारा माणूस होता.” त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाला मंडळाचे कार्यकर्ते कठड्यावर उभे असायचे. कंपनीला ते दिसायला बरे वाटत नव्हते. कोणी विचारत नव्हतं कंपनीला.

दौरा संपला तेव्हा कंपनीला ‘पुढे चला’चा दुसरा भाग हवा होता. ताई म्हणाल्या, माझं झालं, आता रिया म्हणेल. आम्ही खूप विनवलं. “अरे, डॉक्टरांचे पेशंट तुंबलेत,” त्या म्हणाल्या, आणि क्लिनिकच्या काउंटरमागे जाऊन बसल्या. तिथेच, एका दुपारी, पुढच्या पेशंटचं नाव घ्यायच्या आधी, हृदय थांबलं.

त्याच्या थोडे दिवस आधी मला त्या दादरला दिसल्या होत्या. बाजारात, चादरींच्या एका दुकानात. बाहेरच्या स्पीकरवर आमचंच गाणं दणदणत होतं. ताई हातात चादरीचं टोक धरून दुकानदाराला काहीतरी विचारत होत्या आणि तो कानाला हात लावत होता. मी हाक मारायला पुढे झालो.

“ए, ते जरा कमी कर रे,” ताई त्याला म्हणत होत्या. “भाव ऐकू येत नाहीये.”

“मावशी, फेमस गाणं आहे,” दुकानदार म्हणाला. “सगळे ह्यालाच थांबतात.”

“असेल. बाई ओरडते किती! कमी कर.”

त्याने आवाज कमी केला. ताईंनी चादर उलटी करून शिवण तपासली, नाक मुरडलं, भाव अर्ध्यावर आणला, वर एक उशीचा अभ्रा फुकट मागितला आणि मिळवलाही. मग पिशवी काखेत मारून गर्दीत शिरल्या. मी हाक मारायचीच विसरलो. त्या दिसेनाशा झाल्यावर दुकानदाराने स्पीकर पुन्हा मोठा केला.